काळवंडलेल्या फोटोंवर डार्कटेबल कितपत चालते?

कार्ल्याच्या चैत्यगृहात आतून दाराकडे कॅमेरा रोखला की काय होते, हे तिथे फोटो काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असेल. समोरची भव्य कमान उजेडाने भरलेली असते, दोन्ही बाजूंचे अष्टकोनी खांब अंधारात असतात, आणि कॅमेरा माप घेतो ते नेमके कमानीतल्या उजेडाचे. एकवीरेचे दर्शन घेऊन आम्ही लेण्यात गेलो, तेव्हा एका खांबाशी उभ्या असलेल्या आईचा मी फोटो काढला तो असाच काळवंडला. कमान सुरेख आली, आईचा चेहरा मात्र जवळजवळ दिसेनासा झाला. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करण्याची सोय) वाढवायला हवे होते, ते मी वाढवले नाही, ही चूक माझीच. तो फोटो वाचवण्यासाठी मी डार्कटेबल या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरवर तीन आठवडे घालवले.

डार्कटेबल मोफत आणि मुक्तस्रोत आहे. त्याची पहिली आवृत्ती 2009 मध्ये आली आणि आज ते लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालते. मी वापरली ती डिसेंबर 2024 मध्ये आलेली 5.0 ही आवृत्ती. हे सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही. केलेले सर्व बदल शेजारच्या लहानशा एक्सएमपी फाइलमध्ये नोंदवले जातात, त्यामुळे चुकले तर केव्हाही आधीच्या पायरीवर परतता येते. एकुलत्या एका फोटोवर काम करताना याचा मोठा दिलासा वाटतो.

कॅमेऱ्यात मी रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपेग (कॅमेऱ्याने दाबून तयार केलेले चित्र) अशा दोन्ही फाइली साठवतो, म्हणून दोहोंवर सारखाच प्रयोग करून पाहिला. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, तर माझ्या कॅमेऱ्याच्या 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये 16384 असतात. चेहरा अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर आणायचा म्हणजे त्याचा उजेड साधारण साडेपाच पट करायचा. जेपेगमध्ये एवढे ताणताच गालावर पट्टे उमटले, साडीच्या रंगात चौकोनी ठोकळे दिसू लागले आणि कातडीचा रंग राखेसारखा झाला. रॉ फाइलमध्ये यांतले काहीच झाले नाही. ज्यांच्याकडे फक्त जेपेग आहे त्यांनी एखाद्या स्टॉपपेक्षा जास्त अपेक्षा कोणत्याच सॉफ्टवेअरकडून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिली पायरी एक्स्पोजर या मॉड्यूलची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या एकेका कामाच्या विभागाची. स्लायडर सरकवला की संपूर्ण चित्रातल्या प्रकाशाच्या मूल्यांना सरळ गुणले जाते. कॅमेऱ्यात मुद्दाम उणे कॉम्पेन्सेशन देऊन फोटो काढला असेल, तर तेवढी भरपाई फाइलमधली नोंद वाचून आपोआप करण्याची सोयही याच मॉड्यूलमध्ये आहे. मी अडीच स्टॉप वाढवताच आई दिसू लागली, पण कमान पांढरीफटक झाली. इथे घाबरून मागे फिरण्याचे कारण नाही, कारण आतली आकडेमोड फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे पांढऱ्याच्या पलीकडची मूल्येही जपणाऱ्या दशांश आकड्यांत होत असल्यामुळे पडद्यावर जळालेला दिसणारा भाग प्रत्यक्षात नाहीसा झालेला नसतो. पुढे सिग्मॉइड हे मॉड्यूल त्या उजेडाला पडद्याच्या मर्यादेत आणते, आणि कॅमेऱ्याने मुळात कमानीचेच माप घेतलेले असल्यामुळे तिथला तपशील शाबूत होता.

खरी किमया मात्र टोन इक्वलायझरची आहे, आणि केवळ याच्यासाठीसुद्धा मी हे सॉफ्टवेअर सुचवेन. हे मॉड्यूल चित्राची उजेडाप्रमाणे नऊ पट्ट्यांत विभागणी करते आणि प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे वर-खाली करू देते. माउसचा बाण चेहऱ्यावर नेऊन चाक फिरवले की तेवढ्याच उजेडाचे भाग उजळतात. शॅडो उचलणाऱ्या साध्या स्लायडरने चित्र सपाट, धुरकट होते, तसे इथे होत नाही, कारण विभागणीचा मुखवटा (कोणता भाग कोणत्या पट्टीत हे ठरवणारा नकाशा) कडा राखून गुळगुळीत केलेला असतो आणि खांबावरचा दगडी पोत त्याच्या शेजारच्या भागासह एकत्र सरकतो. खांबांच्या माथ्यावरचे हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी अंधारातून अशी वर आली की मी बराच वेळ पुढचे काम करूच शकलो नाही. मात्र मुखवट्याचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) नवही पट्ट्यांवर नीट पसरलेला नसेल, तर खांब आणि कमान यांच्या सीमेवर उजळ वलय उमटते. ही जुळवाजुळव समजायला मला चार दिवस लागले, आणि ती शिकल्याशिवाय या मॉड्यूलला नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल.

उजेड वाढवला की नॉईजही (चित्रातले नको असलेले दाणे) वाढलेला दिसतो, याला इलाज नाही. सेन्सरवर पडलेला प्रकाश चौथा हिस्सा झाला की सिग्नल आणि नॉईज यांचे गुणोत्तर निम्म्यावर येते, आणि कोणतेही सॉफ्टवेअर न पडलेला प्रकाश परत आणू शकत नाही. डिनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल अनेक कॅमेऱ्यांच्या निरनिराळ्या आयएसओंवर (प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्यांवर) मोजून ठेवलेल्या नॉईजच्या नोंदी वापरते, त्यामुळे सुरुवातीलाच दिसणारा परिणाम विचारपूर्वक बेतलेला वाटतो. गडद भागांत हिरवट झाक आली तर बायस करेक्शनचा स्लायडर वाढवायचा, जांभळट आली तर कमी करायचा. आईच्या पदराच्या सावलीतली जांभळी झाक मी अशीच घालवली. जोर मात्र बेताचाच ठेवावा. मी एकदा तो वाढवला तेव्हा चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या आणि समोर आईसारखी दिसणारी दुसरीच बाई उभी राहिली. नॉन-लोकल मीन्स ही पद्धत निवडल्यावर माझा 8 जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप प्रत्येक बदलाला थबकत होता. ओपनसीएल (ग्राफिक्स कार्डाकडून आकडेमोड करून घेण्याची पद्धत) चालवणारे ग्राफिक्स कार्ड असलेल्यांना ही अडचण कमी जाणवेल.

अडोबीच्या लाइटरूमशी तुलना करायची तर, 2023 मध्ये तिथे आलेले कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे डिनॉइज सोपे आणि प्रभावी आहे, तसे काही मी वापरलेल्या आवृत्तीत नाही. लग्नसराईत हजारो फोटो दोन दिवसांत द्यायचे असतील, तर वर्गणी भरून ते घेणे मला रास्त वाटते. पण महिन्याला पैसे न मोजता, सावकाश आणि समजून घेऊन एकेका फोटोवर काम करायचे असेल, तर डार्कटेबल पुरेपूर पडते. पहिला आठवडा त्रासाचा जाईल, एवढी तयारी ठेवावी.

आयएसओ 3200 वर काढलेला, चार स्टॉप काळवंडलेला दुसराही एक फोटो मी यावर घालून पाहिला. तो मला सुधारता आला नाही. आईचा फोटो आयएसओ 400 चा होता, म्हणून वाचला. तो आम्ही 8 बाय 12 इंचांच्या कागदावर छापून घेतला. डाव्या गालाखालच्या सावलीत निरखून पाहिले तर बारीक दाणा दिसतो, तो मी मुद्दाम राहू दिला आहे.