व्हेरिकोज व्हेन्स : लेसरचे बिल दोन पायांचे, शीर मात्र उघडीच

माझ्या मोठ्या बहिणीच्या डाव्या पोटरीवरील शिरा बऱ्याच वर्षांपासून फुगलेल्या होत्या (यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात) आणि संध्याकाळी घोटा सुजत असे. तासन्‌तास फळ्यापुढे उभे राहणाऱ्या शिक्षिकांना हे दुखणे नवे नाही. एका मोफत तपासणी शिबिरातून तिला खासगी रुग्णालयात नेण्यात आले आणि 'गुठळी होईल, पाय कापावा लागेल' असे सांगून दोन्ही पायांचे लेसर 'पूर्ण कॅशलेस' करून देण्याची घाई सुरू झाली. वास्तविक पाय कापण्याची वेळ मुख्यत्वे धमन्या बंद पडल्याने किंवा मधुमेहातील जखम चिघळल्याने येते. फुगलेल्या शिरांकडे दुर्लक्ष केल्यास घोट्याजवळची कातडी काळवंडते, व्रण होतो, पण त्यासाठी त्याच आठवड्यात टेबलावर जावे लागत नाही. कॅशलेस नामंजूर झाल्याचे डिस्चार्जच्या वेळी कळले. अनेक पॉलिसींत या आजाराला 24 महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे तोवर खर्च मिळत नाही, हे रुग्णालयाच्या विमा कक्षाला ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे.

सूज उतरेना, म्हणून दुसरीकडे डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी केली. तेथील रेडिओलॉजिस्टनी तिला उभे केले, पोटरी दाबून सोडली आणि रक्त खाली किती वेळ परत वाहते ते पडद्यावर मोजले; अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला तर रक्त खाली परतू न देणाऱ्या शिरेतील झडपा निकामी समजतात. डाव्या पायाची, घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी मुख्य शीर पूर्ण उघडी होती. लेसरने ती आतून भाजून बंद करायची असते आणि बंद झालेली शीर सोनोग्राफीत ओळखू येते. उजव्या पायाच्या झडपा तर निर्दोष होत्या. रुग्णालयाचे डॉप्लर झोपवूनच केलेले होते. तो अहवाल पुन्हा काढून पाहिला, तेव्हा दोन्ही पायांच्या शिरांची जाडी आणि उलट प्रवाहाची वेळ दशांशापर्यंत तंतोतंत सारखी छापलेली आढळली. (उजवी शीर खरोखर जाळली नाही, हे एका अर्थी बरेच झाले, हृदयाच्या बायपाससाठी हीच शीर वापरतात.)

लेखी मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्या आधारे आम्ही फाइल मिळवली. बिलात दोन लेसर फायबर (शिरेत घालायच्या बारीक तारा) लावलेले आहेत, पण एकदाच वापरायच्या या वस्तूच्या वेष्टनावरील बॅच क्रमांकाचे स्टिकर फाइलमध्ये एकही नाही. पोटरीवर सुयांच्या खुणा तेवढ्या होत्या, म्हणजे बहुधा वरवरच्या शिरांत औषध टोचून काम भागवले असावे.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असल्यास शुल्क लागत नाही, मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. 'बंद केलेली शीर कधी कधी पुन्हा उघडते' असे रुग्णालयाने लेखी उत्तरात म्हटले आहे. तसे घडू शकते, हे खरे. उजव्या पायाबद्दल त्या उत्तरात एक ओळही नाही.