फक्त ‘आय सेव्हन’ सांगून विकलेला कॉम्प्युटर

घरात एकच कॉम्प्युटर घ्यायचा होता आणि त्यावर सगळंच चालायला हवं होतं: माझे हिशेब, बँकेची कामं, मुलीचं व्हिडिओ एडिटिंग, मुलाचे गेम. असेंबल करून देणाऱ्या एकाकडून आम्ही तो घेतला आणि पद्धतशीर फसवले गेलो. कोणता भाग कसा खोटा होता ते तपशिलात लिहितो आहे, कारण अगदी याच शब्दांतल्या जाहिराती रोज दिसतात.

जाहिरातीत होतं: आय सेव्हन (इंटेल कंपनीचा प्रोसेसर), १६ जीबी रॅम, एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ६०० वॉट पॉवर सप्लाय. प्रोसेसरचं नेमकं मॉडेल विचारलं तर उत्तर आलं, ‘काका, आय सेव्हन म्हणजे टॉपच. नंबर काय घेऊन बसलात?’ घरी आल्यावर विंडोजनेच नंबर दाखवला: आय७-३७७०. इंटेलच्या या नावांत डॅशनंतर पिढी येते. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ चा माल. २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१०० ला तेवढेच चार कोअर (हिशेब करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, आणि तो याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. म्हणजे ‘आय थ्री’ नको म्हणून ‘आय सेव्हन’ घेणारा माणूस प्रत्यक्षात हळू मशीन घेऊन जातो. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं.

घरच्या कामांच्या बाजूनेही यात मोठी खोट आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आमच्या मशीनमध्ये यातलं काहीच नव्हतं, तरी विंडोज ११ घालून दिलेलं होतं. तपासणीला बगल देऊन ते बसवता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. जुन्या विंडोज १० वर परत जावं, तर त्याचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार करायचे, त्याचं असं असणं मला गेम अडखळण्यापेक्षा गंभीर वाटतं.

खरी लबाडी ग्राफिक्स कार्डात होती. विंडोजमध्ये एनव्हिडिया कंपनीच्या कार्डाचं नाव दिसत होतं: जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. विक्रेत्याने बजावून सांगितलं होतं, ‘ड्रायव्हर आम्ही सेट करून दिलाय, अपडेट अजिबात करू नका.’ ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं तर तिथेच थांबा. साधे गेम चालायचे. जरा जड गेम लावला, की काही वेळाने चित्र फाटायचं आणि गेम बंद पडायचा. मुलाने एनव्हिडियाचा अधिकृत ड्रायव्हर टाकला तेव्हा तर विंडोजच सुरू होईना. सेफ मोडमधून तो काढल्यावर जीपीयू-झेड नावाचं छोटं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाआधी स्वच्छ ‘फेक’ लिहून आलं. एनव्हिडियाची अशी नकली कार्डं ओळखण्याची सोय त्यात २०१८ पासून आहे.

प्रकार असा असतो. जीटीएक्स ५५० टीआयसारख्या, २०११ च्या आसपासच्या जुन्या कार्डाचं बायोस, म्हणजे कार्डाच्या आतच साठवलेलं सॉफ्टवेअर, बदलतात. मग ते स्वतःचं नाव आणि मेमरी खोटी सांगू लागतं. चिप तीच जुनी, १९२ कोअरची; खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ असतात. मेमरी प्रत्यक्षात १ जीबी, पण सांगायला ४. गेमने त्या एक जीबीच्या पलीकडची जागा मागितली की कोसळतो, कारण तिथे काही नाहीच. वरून पंखा आणि कव्हर नवं चढवलेलं, त्यामुळे डोळ्यांना कार्ड कोरं दिसतं.

तरीही एक खूण डोळ्यांना दिसते. आमच्या कार्डामागे निळं व्हीजीए पोर्ट, म्हणजे मॉनिटर जोडायची जुन्या, अॅनालॉग पद्धतीची जागा होती. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतलं आहे, त्या पिढीपासून एनव्हिडियाने अॅनालॉग आउटपुटच काढून टाकलं, त्यामुळे खऱ्या कार्डावर हे पोर्ट सहसा नसतंच. दुसरी खूण म्हणजे वीज. खरं कार्ड सुमारे ७५ वॉटमध्ये भागवतं आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. आमच्यात सहा पिनांची केबल लावलेली होती.

हे सगळं आधी दिसलं नाही, कारण कॅबिनेटच्या स्क्रूवर ‘फोडल्यास वॉरंटी बाद’ असं स्टिकर चिकटवलेलं होतं. शेवटी मीच ते फोडलं. आत पॉवर सप्लाय हातात घेतला तर त्याला वजनच नाही. वर ठळक ६०० वॉट. खाली बारीक अक्षरांतल्या तक्त्यात +१२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. बाराला अठराने गुणा: २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली वीज याच रेषेतून घेतात, त्यामुळे पॉवर सप्लायची खरी ताकद तिथे कळते. गेमच्या मध्येच मशीन पूर्ण बंद पडायचं त्याचं कारण हे. खोक्यावर ‘८० प्लस’ हे वीज कमी वाया जाते असं सांगणारं प्रमाणपत्र छापलेलं होतं, पण ते देणाऱ्यांच्या जाहीर यादीत हे मॉडेल सापडलं नाही. आणि ते प्रमाणपत्र खरं असलं तरी फक्त विजेची बचत सांगतं. शॉर्ट सर्किट झालं तर बाकीचे भाग वाचतील की नाही, हे त्यातून कळत नाही. स्वस्त पॉवर सप्लाय जाताना मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो.

रॅम आणि एसएसडी मात्र सांगितल्याप्रमाणे निघाले. तेही हिशेबाने केलेलं असणार. बहुतेक लोक तेवढंच उघडून बघतात आणि निर्धास्त होतात.

विक्रेत्याकडे परत गेलो तर त्याने बिल दाखवलं. त्यावर ‘ग्राफिक्स कार्ड ४ जीबी, १ नग’ एवढंच. ना मॉडेल, ना सीरियल नंबर. ‘आम्ही दिलेलं कार्ड हे नव्हेच,’ म्हणाला. मी काय सिद्ध करणार?

म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. समोर जीपीयू-झेड चालवायला सांगा, अधिकृत ड्रायव्हर टाकायला सांगा, आणि अर्धा तास जड गेम चालवून बघा. खरा माल विकणारा याला नाही म्हणत नाही. कॅबिनेट उघडून दाखवत नसेल तर उठून या, मग तो कितीही सूट देवो.

त्या मशीनमधली एसएसडी आणि कॅबिनेट नव्या जुळणीत वापरता आली. रॅम डीडीआर३, ती आजच्या बोर्डात बसत नाही. यावेळी पॉवर सप्लाय आधी निवडला, मग ग्राफिक्स कार्ड, आणि दोन्हींचे नंबर कंपनीच्या साइटवर जुळवून पाहिल्यावरच खोकी उघडली.