एबीसी, एनपीटेल आणि इक्विव्हॅलन्स: क्रेडिट ट्रान्सफरचा रिव्ह्यू

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, ज्याला सगळे एबीसी म्हणतात (पास झालेल्या पेपरांची क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप, जमा ठेवणारं सरकारी ऑनलाइन खातं), त्याचा आयडी कसा काढायचा याचे ढीगभर व्हिडिओ आहेत. पण आयडी निघाल्यावर पुढे काय, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेल्यावर ती क्रेडिट खरंच धरतात का, हे कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहितेय. माझा धाकटा भाऊ बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचं पहिलं वर्ष एका युनिव्हर्सिटीतून करून दुसऱ्या वर्षाला दुसऱ्या शहरात गेला, युनिव्हर्सिटीपण बदलली, मध्ये एक एनपीटेलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) कोर्सही केला आणि हे सगळं कागदोपत्री निस्तरायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे एबीसी, एनपीटेल आणि कॉलेजच्या ऑफिसातली इक्विव्हॅलन्स (जुना पेपर नव्या ठिकाणच्या कुठल्या पेपरबरोबरीचा ते ठरवणं) असा तिन्हीचा एकत्रच रिव्ह्यू आहे.

आधी एबीसी. पूर्ण फुकट आहे, कोणी आयडी काढून द्यायचे पैसे मागत असेल तर देऊ नका. डिजिलॉकरमध्ये लॉगिन करायचं, आधारला लिंक असलेला मोबाईल जवळ ठेवायचा, १२ अंकी आयडी लगेच मिळतो, आता त्यालाच अपार आयडी म्हणतात. इथपर्यंत सोपंय. पण एक गोष्ट मुलांना माहितीच नसते, की या बँकेत तुम्ही स्वतः काहीच भरू शकत नाही. मार्कशीट स्कॅन करून टाकू, सर्टिफिकेट अपलोड करू, असं काही नाहीये, क्रेडिट फक्त युनिव्हर्सिटी किंवा संस्था भरते. त्यांनी भरलं नाही तर तुमच्या खात्यात शून्य दिसणार, भले तुमची दोन सेमिस्टर पास झालेली असोत. भावाच्या खात्यातही शून्यच दिसत होतं. कारण काय तर जुन्या कॉलेजने पाठवलेल्या यादीत नाव आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं असं होतं (आपल्याकडे मार्कशीटवर असंच असतं) आणि आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. ते मॅचच झालं नाही. मग अर्ज, मग परीक्षा विभाग, मग परत कॉलेज. काउंटरवरच्या बाईंनी शेवटी मनावर घेतलं आणि करून दिलं, त्यांचे खरंच आभार, पण हे ॲडमिशनच्या वेळीच तपासलं असतं तर ही पळापळ झालीच नसती. म्हणून पहिल्या सेमचा रिझल्ट लागला की लगेच खातं उघडून बघा, वर्ष संपायची वाट बघू नका.

बाकी एबीसीचे नियम चांगले आहेत, मला मनापासून आवडले. जमा झालेलं क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं चालतं. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटलेल्या मुलीसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, पूर्वी गॅप पडला की सगळं पाण्यात जायचं. आपल्याकडच्या एनईपीच्या (नवीन शैक्षणिक धोरणाच्या) रचनेत पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा स्किल कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं आणि नंतर परत येता येतं. डिग्री जी युनिव्हर्सिटी देणार तिथून निदान ५० टक्के क्रेडिट कमवावी लागतात, तेही बरोबरच आहे. एकदा एका डिग्रीसाठी वापरलेलं क्रेडिट परत दुसरीकडे वापरता येत नाही. आणि २०२१-२२ च्या आधीचं शिक्षण यात येत नाही, त्यामुळे ज्यांची २०१५ सालची दोन वर्षं झालीयत आणि तिसरं राहिलंय त्यांनी एबीसीच्या भरवशावर राहू नका, त्यांना सरळ युनिव्हर्सिटीच्या जुन्या एलिजिबिलिटीच्या रस्त्यानेच जावं लागेल.

आता मेन मुद्दा. बँकेत ४४ क्रेडिट दिसतात याचा अर्थ नवीन युनिव्हर्सिटी ४४ धरेल असा अजिबात नाही!! किती धरायची हे नवीन युनिव्हर्सिटीचं अभ्यास मंडळ किंवा इक्विव्हॅलन्स कमिटी ठरवते आणि ती आकडा बघत नाही, विषय बघते. त्यातून आपल्याकडे एनईपी आल्यापासून नुसते विषय नाहीत, खण आहेत. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा दुसऱ्या शाखेचा पेपर), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्याचा पेपर), आणि एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असे कौशल्य, भाषा, मूल्यं वगैरेंचे आणखी खण. भावाच्या जुन्या युनिव्हर्सिटीत पायथनचा पेपर व्हीएससीमध्ये होता, नव्या ठिकाणी पायथन मेजरमध्येच आहे. जुन्या ठिकाणी त्याचं मायनर इलेक्ट्रॉनिक्स होतं, नव्या कॉलेजात कॉम्प्युटरवाल्यांना इलेक्ट्रॉनिक्स मायनर नाहीच, स्टॅट्स आहे. म्हणजे मुलगा तेच शिकलाय, पास झालाय, चांगल्या ग्रेडने झालाय, पण बसवायचं कुठल्या खणात? शेवटी ४० धरली आणि मायनरचा ४ क्रेडिटचा पेपर जादाचा म्हणून तिसऱ्या सेमबरोबर द्यायला सांगितला. आमच्या मते हे ठीक झालं, त्याच्या वर्गातल्या एकाला याहून वाईट मिळालं.

पण माझी तक्रार निकालाबद्दल नाहीये, पद्धतीबद्दल आहे. ॲडमिशन घ्यायच्या आधी हे कळायला काही मार्गच नव्हता. फी भरा, टीसी आणा, मायग्रेशन आणा, सिलॅबसची सही-शिक्क्याची कॉपी आणा आणि मग आम्ही सांगतो किती धरायचं ते. अहो पण तोपर्यंत आम्ही जुनं कॉलेज सोडलेलं असतं ना! मुलाचं वर्ष आहे ते, परत येत नाही. प्रत्येक मुलासाठी कमिटी नव्याने बसते, आणि गेल्या वर्षी त्याच कॉलेजातून आलेल्या मुलाला काय दिलं होतं हे शोधायला रजिस्टरसुद्धा कोणी उघडत नाही.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात आहे, ती आधी कम्युनिटी कॉलेजला गेली आणि मग तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत. ती सांगत होती की तिकडे असिस्ट नावाची एक साइट आहे, सगळ्यांना उघडी, लॉगिन वगैरे काही नाही. आपलं कम्युनिटी कॉलेज निवडायचं, कुठल्या युनिव्हर्सिटीत जायचंय ते निवडायचं, कुठला मेजर ते निवडायचं की समोरासमोर यादी येते, इथला हा कोर्स म्हणजे तिथला तो कोर्स. काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं की याला समकक्ष कोर्स नाही. नाही तर नाही, पण ते आधी कळतं! तिने पहिल्या सेमिस्टरपासून तीच यादी समोर ठेवून विषय घेतले. आपल्या राज्यात सरकारी युनिव्हर्सिट्या मोजक्या आहेत, क्रेडिटची रचना शासनाने सगळ्यांना एकच दिलीय, मग पहिल्या वर्षाच्या बीए, बीकॉम, बीएस्सीची अशी यादी करून साइटवर टाकणं अवघड आहे असं मला तरी वाटत नाही.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाहीये. डिप्लोमावाल्यांचं बघा. पॉलिटेक्निक केलेला मुलगा डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला जातो, दरवर्षी हजारो मुलं जातात, सीईटी सेलची कॅप राउंड होते, मेरिट लागतं. कोणी प्रत्येकाचा सिलॅबस तपासत बसत नाही. डिप्लोमा म्हणजे पहिलं वर्ष माफ, संपलं. आयटीआयची दोन वर्षं केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या डायरेक्ट सेकंड इयरचा रस्ता तसाच आहे. हीपण आधीच्या शिक्षणाला दिलेली क्रेडिटच झाली की, फक्त त्याला कोणी क्रेडिट म्हणत नाही. नियम एकदा ठरला, सगळ्यांना माहिती झाला आणि गावाकडच्या मुलालाही दहावीनंतरच पुढचा रस्ता दिसतो. मला एबीसीकडून हेच हवंय.

आता एनपीटेल. याला मी डोळे झाकून चांगले स्टार देईन. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्रोफेसरांचे कोर्स, बघायला एक रुपया नाही, फक्त परीक्षा द्यायची असेल तर १००० रुपये फी. दर आठवड्याला असाइनमेंट असते, ८ आठवड्यांच्या कोर्सला सगळ्यात चांगल्या ६ धरतात, त्याचे २५ मार्क, आणि सेंटरवर जाऊन द्यायची परीक्षा ७५ ची. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असं दोन्हीकडे लागतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात जागे होणाऱ्यांचं काम नाही. भाऊ डीबीएमएसचा (डेटाबेसचा) कोर्स करत होता तेव्हा रात्री जेवण झाल्यावर रोज बसायचा, कॉलेजात जे दोन महिन्यांत डोक्यात गेलं नव्हतं ते त्याला नॉर्मलायझेशनच्या लेक्चरांमध्ये कळलं असं तो स्वतः म्हणाला. शिकवणं शांत आहे, काही ठिकाणी फारच शांत आहे, स्पीड वाढवून बघावं लागतं. इंग्रजीचा प्रॉब्लेम असणाऱ्यांनी खाली ट्रान्स्क्रिप्ट बघा, काही कोर्सची मराठीत मिळतात.

पण क्रेडिटच्या बाबतीत एक अडचण आहे आणि ती फॉर्म भरायच्या आधी समजून घ्या. ४ आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिट, ८ आठवड्यांचा २ आणि १२ आठवड्यांचा ३. आपल्याकडे पेपर बहुतेक २ किंवा ४ क्रेडिटचे. म्हणजे १२ आठवडे घासून मिळवलेली ३ क्रेडिट ना २ च्या पेपरला नीट बसत ना ४ च्या. २ ला बसवलं तर १ वाया, ४ ला बसवायचं तर १ कुठून आणणार? म्हणून ओपन इलेक्टिव्हच्या जागी घ्यायचा असेल तर सरळ ८ आठवड्यांचा घ्या, बरोबर २ येतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात (स्वयम म्हणजे सरकारची ऑनलाइन कोर्सची साइट, एनपीटेलचे कोर्स तिथेच असतात), पण कुठला कोर्स कुठल्या पेपरऐवजी चालेल हे युनिव्हर्सिटीनेच ठरवायचं असतं. तर एनरोल करायच्या आधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी "हो हो चालेल" वर जाऊ नका, सर बदलून जातात आणि नवीन सर म्हणतात मला काही माहिती नाही. हे आम्ही अनुभवलंय.

शेवटचा भाग आमच्या मामाचा, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. मामा दहावीनंतर आयटीआय वायरमन, मग कंपनीत पॅनल वायरिंग, वीसेक वर्षं झाली. ड्रॉइंग बघून पॅनल उभं करतो, नवीन डिप्लोमाची पोरं त्याच्याकडे शिकायला येतात. प्रमोशनला डिग्री लागते म्हणून त्याने विचारायला सुरुवात केली. नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क २०२३ मध्ये आलं, त्यात स्पष्ट आहे की ३० तास शिकणं म्हणजे १ क्रेडिट, वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, आणि कामाचा अनुभवसुद्धा तपासून क्रेडिटमध्ये धरता येतो, अनुभव जास्त असेल तर वजन दुपटीपर्यंत. वाचायला फार छान आहे. पीएमकेव्हीवायमध्ये (प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत) आरपीएल म्हणून आधी येत असलेल्या कौशल्याची तपासणी होऊन सर्टिफिकेटही मिळतं. मामाने ते केलं, थोडं ओरिएंटेशन झालं, परीक्षकाने प्रॅक्टिकल घेतलं, तो पास झाला. मग ते सर्टिफिकेट घेऊन तो एका कॉलेजात गेला तर समोरच्याला आरपीएल म्हणजे काय हेच माहिती नव्हतं आणि त्याला सांगितलं की पहिल्या वर्षापासून बसा. पहिल्या वर्षाला त्याला इलेक्ट्रिकल वायरिंगचं प्रॅक्टिकल करावं लागणार!! मामा काही बोलला नाही, पण मला राग आला, अजून येतो. वीस वर्षं ज्या माणसाच्या हातून लाइट लागल्या त्याला स्विचबोर्ड जोडायची परीक्षा परत द्यायला लावणं हा त्याच्या कामाचा अपमान आहे.

आणि असं नाही की आपल्याकडे शाळा सुटलेल्यांचा कोणी विचारच केला नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्यांच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून बारावी नसलेली कितीतरी माणसं पदवीपर्यंत गेली, आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई तशाच बीए झाल्या. म्हणजे दार उघडायची सवय आपल्याला आहे, आता आत आलेल्या माणसाला काय येतं ते मोजायला शिकलं पाहिजे, प्रॅक्टिकल घ्या, तोंडी घ्या, हवं तर कडक घ्या, मामा देईल.

स्टार द्यायचे तर एनपीटेलला साडेचार, अर्धा त्या ३ क्रेडिटच्या भानगडीसाठी कापला. एबीसीला साडेतीन, कल्पनेला पाच आहेत पण स्वतःचं चुकलेलं नाव दुरुस्त करायलासुद्धा ऑफिसच्या दारात उभं राहावं लागतं. इक्विव्हॅलन्सच्या पद्धतीला दोन. आरपीएलला आज स्टार देत नाही, कॉलेजात त्याची खिडकी उघडेल तेव्हा देईन.

ज्यांना यंदा बदली घ्यायचीय त्यांनी जुनं कॉलेज सोडायच्या आधीच सिलॅबसच्या प्रत्येक पानावर शिक्का मारून घ्या (नुसतं पहिलं पान चालत नाही), त्यात पेपरची क्रेडिट आणि तासिका दिसल्या पाहिजेत, प्रत्येक सेमची मार्कशीट, ट्रान्स्क्रिप्ट, पीआरएन (युनिव्हर्सिटीचा कायमचा नोंदणी नंबर) आणि एबीसीच्या खात्याची प्रिंट सोबत ठेवा. नवीन युनिव्हर्सिटीचा खणांचा तक्ता साइटवर असतो, तो उतरवून आपला पेपर त्यांच्या कुठल्या पेपरसमोर बसतो हे स्वतःच लिहून कमिटीला द्या. आम्ही तसा तक्ता करून दिला होता, भावाची एनपीटेलची २ क्रेडिट त्यामुळेच ओपन इलेक्टिव्हमध्ये धरली गेली, ऑर्डरमध्ये तसं छापून आलंय. ऑर्डरची सही-शिक्क्याची कॉपी मात्र मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत.