ड्राय फायरिंग की छऱ्यांचा सराव?
लातूर-परभणीकडे १० मीटर एअर पिस्तूल नव्याने हाती घेणाऱ्याने घरी ड्राय फायरिंग, म्हणजे छरा न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव, करावे की रेंजवर छरे झाडावेत? माझा कौल निःसंशय पहिल्याला आहे. कारण कोऱ्या भिंतीसमोर, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ट्रिगर दाबताना फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) किंचित हलली तरी ती तत्क्षणी दिसते, उलट छरा सुटला की नजर गुणांकडे धावते आणि ट्रिगर झटक्याने ओढल्याची मूळ चूक नजरेआड होते. स्पर्धेतले ७५ मिनिटांत ६० नेम साधण्याचा दम मात्र रेंजवरच येतो. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उकाड्यात तळहाताला घाम सुटतो, तेव्हा दोन्ही सरावांत प्रत्येक नेमाआधी हात पुसावा. नवख्याने आठवड्यातले चार दिवस घरी, दोन दिवस रेंजवर घालवावेत. स्पर्धा जवळ आल्यावर हे प्रमाण उलटवावे.