कारचा एसी गार होत नाही: नुसता गॅस भरायचा की आधी लीक शोधायचा?

घणसोलीच्या मावसभावाच्या गाडीचा एसी नुसताच वारा फेकतोय. एक मेकॅनिक म्हणतो गॅस भरा, दुसरा म्हणतो आधी लीक शोधा.

त्याआधी एक बघ. पाम बीच रोडवर पळताना गार आणि सिग्नलला थांबलं की गरम, असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणाऱ्या जाळीचा, फॅन तपास. वाराच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघ.

खर्चात आणि वेळेत गॅस भरणं सरळ जिंकतं. तासाभरात गाडी हातात. लीक शोधायचा तर नायट्रोजनचं प्रेशर, साबणाचा फेस, आणि गळती कूलिंग कॉइलला निघाली तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच उघडावा लागतो. दिवस गेला समज.

टिकण्याचं मात्र उलटं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षभरात संपला म्हणजे तो कुठूनतरी गेलाच. बॉनेट उघडून पाइपांचे जोड बघ: तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसला तर चोर बहुधा तिथेच. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही जातं आणि कोरडा कंप्रेसर जाम झाला की खरा फटका बसतो. शिवाय आर-१३४ए, म्हणजे बऱ्याच गाड्यांच्या एसीत असणारा गॅस, हवेत सोडणं म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवणारा वायू सोडणं.

गाडी जुनी, गारवा तीन-चार वर्षांत हळूहळू उतरलेला, तर व्हॅक्यूम मारून (म्हणजे पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढून) वजनावर गॅस भरून घे. गेल्याच उन्हाळ्यात भरला असेल, तर लीकच शोध.