पेशींचं वय सांगणारं किट, दोनदा करून बघितलं

दोन स्टार, त्यातला एक पॅकिंगला. नळीत लाळ द्यायची, महिन्याभरात पेशींचं ‘खरं वय’ मोबाईलवर येतं. नाव घेत नाही. पण ती नळी रेघेपर्यंत भरणं म्हणजे डोक्याला ताप, फेस धरायचा नाही म्हणतात आणि सकाळी उपाशीपोटी तोंड कोरडं ठणठणीत, वीस मिनिटं मी थुंकतोय आणि बायको दारात उभी राहून म्हणतेय, थुंकायचे पैसे भरलेत होय?

रिपोर्ट आला. माझं वय ४४, पेशींचं ५२, वर लाल काटा. दोन दिवस जेवण गोड लागेना. तीन महिन्यांनी परत केली तर ४६! मधे मी काय केलं, तर काहीच नाही, उलट सर्दी-तापाने आठवडाभर आडवा होतो.

मग वाचायला बसलो. हे लोक मोजतात टेलोमिअर, म्हणजे क्रोमोझोमच्या (पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळीच्या) टोकाला टीटीएजीजीजी हा डीएनएच्या सहा अक्षरांचा तुकडा शेकडो-हजारो वेळा आलेला असतो तो, दर विभाजनाला थोडा झिजतो. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. इथवर ठीक. पण लाळेत पांढऱ्या पेशी आणि गालाच्या आतल्या पेशी यांची खिचडी असते, दोन्हीकडची लांबी वेगळी, आणि खिचडीचं प्रमाण रोज थोडंच सारखं राहणार. शिवाय वय कुठल्या पेशीचं? आतड्याचं अस्तर ३ ते ५ दिवसात बदलतं, मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी लहानपणापासून त्याच, आणि रक्तातली लाल पेशी १२० दिवस जगते पण तिच्यात केंद्रकच नसतं, टेलोमिअर मोजणार कुठून.

खरा राग आला रिपोर्टच्या शेवटी. ‘टेलोमिअर वाढवणाऱ्या कॅप्सूल’, खाली खरेदीचं बटण. अरे, टेलोमिअर वाढवणारं एन्झाइम टेलोमरेज, ते शोधल्याबद्दल २००९ चं नोबेल मिळालं हे तुम्ही मोठ्या अक्षरात छापता, पण ८५ ते ९० टक्के कॅन्सरमध्ये हेच चालू झालेलं असतं ते का नाही छापत? टेलोमिअर झिजून पेशी थांबते तो कॅन्सरवरचा ब्रेक आहे हो. आणि पेशी मरणं म्हणजे दर वेळी बिघाड नसतो, गर्भात बोटांच्या मधलं कातडं असंच जातं म्हणून बोटं सुटी होतात. किती शिस्तीत मरते बघा, आधी आकसते, स्वतःचा डीएनए स्वतःच कापते, सगळ्याच्या छोट्या पुड्या बांधते आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात, कुठे सूज नाही काही नाही.

कस्टमर केअरला विचारलं, ५२ धरू का ४६? म्हणाला, सर लेटेस्ट धरा. म्हटलं पुढच्या वेळी ६० आलं तर? तर म्हणे सीनियरशी बोलतो, होल्ड करा. अर्धा तास ट्यून ऐकली, मग मीच कट केला.