कामाजवळची खोली की लांबचा फ्लॅट?

लांबच्या फ्लॅटचं भाडं कमी आणि जागा ऐसपैस, त्यामुळे पहिलं घर शोधताना मन तिकडेच धावतं. पण जाऊन-येऊन रोज दीड तास जादा लागत असेल, तर महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांत 33 तास प्रवासातच जातात. शिवाय दमून घरी आल्यावर स्वयंपाक होत नाही, बाहेरचं खाणं वाढतं. भाड्यात वाचलेले पैसे असेच झिरपतात.

जवळची खोली लहान. कपाट ठेवलं की चालायला जागा उरत नाही, हे खरंच. तरी हात आखडता असेल तर मी तीच घेईन. लहान घराला सामानही कमी लागतं, आणि सुरुवातीला डिपॉझिट भरून खिसा रिकामाच असतो. मात्र घरून काम असेल तर लांबचाच फ्लॅट बरा.